सेकंड-हँड स्पोर्ट्स बाइकची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे मोजा

चौदा महिन्यांत मी तीन बॅटऱ्या बदलल्या. गाडी २५० सीसीची, सिंगल सिलिंडर, रेडिएटरवाली, इंजेक्शनची. किक नाही. किनाऱ्याजवळच्या एका गावातून सेकंड-हँड घेतलेली. त्याआधी मी फक्त घरची स्कूटर चालवली होती, त्यामुळे या गाडीचं मला फार अप्रूप होतं.

प्रत्येक वेळी लक्षण एकच. रात्री गाडी नीट बंद केलेली. सकाळी सेल्फ दाबला की सीटखालून रिलेचा टक-टक-टक आवाज, मीटरचा दिवा मंद होतो आणि सगळं गप्प. दुकानात नेली की उत्तर ठरलेलं, ‘बॅटरी गेली’. नवी बसवली की तीन-चार महिने गाडी पहिल्या दाबात सुरू. मग पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा हे झालं ते जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत. बोट लागली, फळी खाली आली, सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या आणि माझी टक-टक करत उभी. मागे दहा-बारा स्कूटर आणि एक पिकअप. दोघा-तिघांनी धक्का मारून धक्क्यावर चढवली, तिथून पुढे पळवत नेऊन क्लच सोडला, तरी सुरू झाली नाही. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि इंजिनाचा कंट्रोल युनिटही. बॅटरी पूर्ण बसली असेल तर कितीही ढकला, पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीवर वाढलेली माणसं ‘ढकल रे, होईल सुरू’ म्हणतात ते मनापासून, पण या गाड्यांना तो उपाय नेहमी लागू पडत नाही.

अखेर डिचोलीतल्या एका वयस्क मेकॅनिककाकांनी बॅटरीला हात लावण्याआधी खिशातून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर, काढला आणि दहा मिनिटांत दुखणं सापडलं. बॅटरीला पुरेसा करंट पोचतच नव्हता. झरा आटलेला असताना मी कळशा बदलत बसलो होतो.

नव्याने स्पोर्ट्स बाइक घेणाऱ्या आणि याच चक्रात अडकलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मला चारशे रुपयांना मिळाला. एका बॅटरीच्या किमतीत असे तीन-चार येतात.

आधी बॅटरी नसलेली कारणं काढून टाका

सेल्फ दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल, टकटकसुद्धा नाही, आणि हेडलाइट मात्र लख्ख पेटत असेल, तर बॅटरीचा संबंध बहुधा नसतो. उजव्या हाताचा लाल किल-स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बघा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. गिअरमध्ये असेल तर क्लच पूर्ण दाबा आणि स्टँड वर घ्या. साइड-स्टँडचा स्विच जमिनीलगत असतो, त्यात चिखल आणि वाळू बसते. पावसात तो चिकटला की गाडी समजते स्टँड खालीच आहे. पाण्याने धुऊन, स्टँड चार-पाच वेळा वर-खाली करून बघा. हे पाहून झालं की मीटर हातात घ्या.

तीन आकडे

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न फिरवता. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. १२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामी धरून चाला. हा आकडा आदल्या दिवशी फिरून आल्याबरोबर घेऊ नका, तेव्हा तो फसवा दिसतो.

दुसरा आकडा सेल्फ दाबताना. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा. १० च्या आसपास राहिला तर ठीक. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ९ च्या खाली कोसळत असेल तर ती आतून खरंच संपली आहे, किंवा तिचे टर्मिनल ढिले आहेत. आधी टर्मिनलचे स्क्रू आवळा, मग पुन्हा मोजा.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि माझ्या गाडीला हात लावलेल्या पहिल्या तीन दुकानांत तो कुणी घेतलाच नव्हता. गाडी सुरू करा, चार-पाच हजार आरपीएमवर धरा आणि बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.५ यायला हवं. माझ्या गाडीचं आलं १२.९. हायबीम लावला तर १२.६. म्हणजे मी डिचोलीहून पणजीला जाऊन येईपर्यंत बॅटरी भरायची सोडून थोडी रिकामीच होत होती.

दुकानदार खोटं बोलत नव्हते हेही सांगितलं पाहिजे. लेड-ॲसिड बॅटरी महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि ती खरोखर मरते. ‘बॅटरी गेली’ हे खरंच होतं. ती का जाते, हे कुणी पाहिलं नव्हतं.

मग करंट अडतो कुठे

इंजिनाच्या डाव्या किंवा उजव्या कव्हरखाली स्टेटर असतो, तांब्याच्या वेटोळ्यांची एक चकती. तो एसी करंट तयार करतो. बहुतेक गाड्यांत त्याच्या एकसारख्या रंगाच्या तीन वायरी बाहेर येतात, पिवळ्या किंवा पांढऱ्या. त्या एका प्लास्टिकच्या कनेक्टरमधून रेग्युलेटर-रेक्टिफायरला जातात. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘आरआर’ म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला, हाताच्या पंजाएवढा ठोकळा. तो एसीचं डीसी करतो, व्होल्टेज चौदाच्या आसपास धरतो आणि बॅटरीला देतो.

काकांनी फेअरिंगचे, म्हणजे गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाचे, स्क्रू काढले, तो तीन वायरींचा कनेक्टर ओढून बाहेर घेतला आणि माझ्या हातात दिला. मुळात पांढरं असलेलं प्लास्टिक एका कोपऱ्यात बिस्किटासारखं तपकिरी झालेलं. आतल्या तीन पात्यांपैकी दोन पिवळ्या, तिसरी हिरवट, वर बारीक भुकटी. नख लावलं तर भुकटी बोटाला लागली. ‘कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की काय होतं?’ काकांनी विचारलं. ‘कळकतं,’ मी म्हटलं. ‘तेच झालंय बघ. फक्त हे समुद्राच्या वाऱ्याने कळकलंय.’

गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले आठ महिने किनाऱ्यावर खारा वारा असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धरून ठेवतं, त्यामुळे भर डिसेंबरातही कनेक्टरचं आतलं अंग पूर्ण कोरडं होत नाही. स्पोर्ट्स बाइकला वर फेअरिंग. दिसायला छान, पण आत गेलेलं पाणी लवकर सुकत नाही आणि आतलं काही दिसतही नाही. साध्या उघड्या मोटरसायकलवर हाच कनेक्टर येता-जाता नजरेला पडला असता.

हिशोब करून पाहिला तेव्हा मला त्या तपकिरी कोपऱ्याचं कारण कळलं. दहा अँपिअर करंट जात असेल आणि कळकलेल्या जोडात फक्त ०.२ ओमचा अडथळा असेल, तर त्या एका पात्यावर वीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करायची छोटी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. म्हणजे फेअरिंगच्या आत, वायरींच्या जुडग्यात, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न सुरू ठेवून मी चौदा महिने फिरत होतो. तापलं की पातं आणखी सैल होतं, सैल झालं की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापतं. म्हणून हे दुखणं आपोआप कधीच बरं होत नाही.

तुमच्या गाडीत अडथळा कुठे आहे ते शोधायची सोपी रीत अशी. गाडी चार हजारांवर धरा. मीटरचं लाल टोक आरआरच्या बाहेर जाणाऱ्या प्लस वायरीवर आणि काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं प्लसलाच, हे बरोबर आहे. मीटरने ०.२ च्या खाली दाखवलं तर तो रस्ता साफ. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दाखवलं तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी कळकलेला कनेक्टर, जळका फ्यूज-होल्डर किंवा तुटत आलेली वायर आहे. मग तसंच मायनसच्या बाजूने, आरआरच्या मायनस वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. जुन्या गाड्यांत ही अर्थिंगची बाजू हटकून खराब असते, कारण अर्थचा बोल्ट चासीवर रंगाच्या थरावरच आवळलेला असतो आणि त्याखाली गंज.

दोन्ही बाजू साफ असूनही बॅटरीवर १३.८ ते १४.५ येत नसेल तर स्टेटरकडे वळा. गाडी बंद, तीन वायरींचा कनेक्टर सोडवलेला. माझ्या गाडीसारखा तोच कळकलाय का ते आधी बघा. मीटर ओमवर ठेवून स्टेटरच्या दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा आणि खूप लहान, साधारण एक ओमच्या आत यायला हवा. प्रत्येक वायर आणि इंजिनाचं धातूचं अंग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर वेटोळं जळून अंगाला लागलंय. मग गाडी सुरू करून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून तिन्ही जोड्या पुन्हा मोजा. आकडा आरपीएमबरोबर वाढला पाहिजे आणि तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा राहिला पाहिजे. नेमका किती हवा ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. यात व्होल्टेज पन्नास-साठच्या पुढे जातं, तेव्हा उघड्या पिनांना हात लावू नका आणि ओल्या अंगणात उभं राहून हे करू नका. स्टेटर ठीक, रस्ते साफ, तरीही चार्जिंग नाही, तेव्हाच आरआरला दोषी धरा. आरआर महाग येतो आणि तो बदलून काही फरक न पडल्याच्या तक्रारी मी भरपूर ऐकल्यात. त्यातल्या बहुतेकांनी कनेक्टर तोच जुना ठेवला होता.

एक गोष्ट अजिबात करू नका. चार्जिंग आहे की नाही बघायला चालू गाडीची बॅटरी-वायर काढून बघायची जुनी सवय अजून काही गॅरेजमध्ये आहे. इंजेक्शनच्या गाडीत असं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि कंट्रोल युनिट जाऊ शकतं. ते गेलं तर तीन बॅटऱ्यांचा खर्च परवडला म्हणाल.

गाडी बंद असताना कोण पितंय

कनेक्टर बदलून झाल्यावर बॅटरीवर १४.१ आलं. मी खूश होतो. काका म्हणाले, ‘थांब, अजून एक बघूया.’ किल्ली काढली, बॅटरीची मायनस वायर सोडली आणि मीटर अँपिअरवर ठेवून त्या वायरीच्या आणि टर्मिनलच्या मधे जोडला. आकडा आला ६४ मिलिअँपिअर. गाडी पूर्ण बंद, तरी.

६४ मिलिअँपिअर काहीच नाही असं वाटतं. चोवीसने गुणा. दिवसाला दीड अँपिअर-अवरच्या वर. माझी बॅटरी सात अँपिअर-अवरची. चार-साडेचार दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ ओढायची ताकद त्याच्या कितीतरी आधी, दोन-तीन दिवसांतच जाते. मी आठवड्यातले काही दिवस कंपनीच्या बसने जायचो, तेव्हा गाडी घरी उभी असायची. अशा दिवसांनंतर सकाळी ती का रुसते याचं उत्तर तिथे होतं.

आधीच्या मालकाने बसवलेला रिमोटचा अलार्म होता तो. रिमोट त्याने मला दिलाही नव्हता, अलार्म आहे हेही मला माहीत नव्हतं. सीटखालच्या जुडग्यात काळ्या टेपने गुंडाळलेला. तो काढल्यावर आकडा २ वर आला. घड्याळ आणि कंट्रोल युनिटची स्मृती जपायला दोन-चार मिलिअँपिअर लागतात, ते असू द्या. वीसच्या पुढे गेलात तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वायरीवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आणि सुरुवात नेहमी मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकातून करा.

दोन चोर होते म्हणून तीन बॅटऱ्या गेल्या. चार्जिंग पूर्ण असतं तर अलार्मने प्यालेलं भरून निघालं असतं. अलार्म नसता तर कमी चार्जिंगवरही गाडीने कदाचित वर्ष काढलं असतं.

तिसरं कारण माझ्या गाडीत नव्हतं, पण एका मित्राच्या गाडीत निघालं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू असतो. हॅलोजनचा साठ वॅटचा बल्ब एकटाच जवळजवळ पाच अँपिअर घेतो. त्यावर त्याने दोन फॉगलाइट, मोबाइलचा चार्जर आणि मोठा हॉर्न लावलेला. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रेस न देता, आयडलवर, उकाड्यात रेडिएटरचा पंखाही फिरत असतो. आयडलवर स्टेटर फार कमी देतो. खर्च जास्त, आवक कमी. त्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर १४.२ दाखवायची, म्हणून मेकॅनिक म्हणायचा सगळं ठीक आहे. तुमचा रोजचा प्रवास जसा आहे तसंच मोजा. पंखा सुरू, दिवे सुरू, आयडलवर. तिथे सतत १२.५ च्या खाली राहत असेल तर जास्तीचे दिवे उतरवा.

दुरुस्ती टिकेल अशी

जळका कनेक्टर घासून पुन्हा बसवू नका. पात्यांचा ताण एकदा गेला की गेला. दोन्ही बाजू कापून नवा, रबराच्या सीलचा वॉटरप्रूफ कनेक्टर लावा. वायरीचं तांबं आतपर्यंत काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, अगदी पाच-सहा सेंटिमीटर गेलं तरी चालेल. पिना नीट क्रिंप करून, म्हणजे हत्याराने वायरीवर दाबून, घ्या. ज्यांना क्रिंपचं हत्यार मिळत नाही ते थेट सोल्डर करून वर हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवतात, तेही चालतं. नुसती काळी टेप मात्र नको. पावसात टेपच्या आत पाणी शिरतं आणि मग तिथेच मुक्काम करतं.

बाकीचे कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, सुकवून, आत थोडं डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस. बॅटरीच्या टर्मिनलवर व्हॅसलीन पुरतं. अर्थच्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू दिसू द्या, मग आवळून वरून ग्रीस लावा.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर दुकानात घाई करू देऊ नका. ॲसिड भरून लगेच बसवलेली बॅटरी पूर्ण क्षमतेला कधीच पोचत नाही. ॲसिड भरल्यावर तिला थोडा वेळ मुरू द्यायचा आणि मग हळू करंटवर पहिलं चार्जिंग पूर्ण करायचं. ‘उद्या येतो’ म्हणा.

गाडी धुताना प्रेशर पंपाचा फवारा सीटखाली, हँडलच्या मागे आणि रेडिएटरवर मारू देऊ नका. मला वाटतं पावसापेक्षाही या फवाऱ्याने जास्त कनेक्टर मेलेत. चवथीला गावी जाऊन आठ दिवस गाडी उभी राहणार असेल तर मायनस वायर काढून ठेवा.

घेतानाच हे बघितलं असतं तर

सेकंड-हँड स्पोर्ट्स बाइक बघायला जाताना मी आता मीटर खिशात घालूनच जातो. मालकाला आधी फोन करून सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून थंड असल्याची खात्री करायची. मग वरचे तीनही आकडे. सीट काढायची आणि कंपनीच्या जुडग्याबाहेरच्या वायरी मोजायच्या. लाल-काळी पातळ वायर, ट्विस्ट करून टेप मारलेली, अशी एक जरी दिसली तरी ती कुठे जाते ते विचारायचं.

गाडी किनाऱ्यावर उभी राहायची का, हे मालक सांगेल किंवा नाही, पण गाडी सांगते. डिस्कच्या बोल्टांवर गंज, रेडिएटरच्या पात्यांवर पांढरी भुकटी, फोर्कच्या चकचकीत नळीवर बारीक काळे ठिपके. ठिपके नखाला लागत असतील तर फोर्कचं सील आज ना उद्या गळणार. हे सगळं आहे म्हणून गाडी सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी झालाच पाहिजे.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ हवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच किंवा केए पासिंगची गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे भाड्याने फिरलेली गाडी असेल तर ती खासगीत बदलून देण्याची जबाबदारी मालकाने आधी पार पाडावी.

गेल्या महिन्यात मावसभावाबरोबर म्हापशाला दीडशे सीसीची एक गाडी बघायला गेलो. वीस वर्षांचा पोरगा, गाडी बघताच ‘दादा, घेऊया’ म्हणायला लागला. रंग चकाचक, टायर नवे. बंद असताना १२.७. सेल्फवर १०.४. मी म्हटलं, बरं दिसतंय. पाच हजारांवर धरली आणि मीटर १५.६ वर गेला. मालक म्हणाला, ‘नवी बॅटरी आहे म्हणून जास्त दाखवतं.’ तसं नसतं. १५ च्या वर म्हणजे आरआर व्होल्टेज धरत नाही, बॅटरीतलं पाणी उकळतं, बल्ब उडतात, पुढेमागे कंट्रोल युनिटही जातं. सीट काढून दाखवली तेव्हा बॅटरीच्या दोन्ही कडा फुगलेल्या होत्या, इतक्या की ती खोक्यातून वर ओढताना अडकली. मालकाला बहुधा खरंच माहीत नव्हतं, तो बराच वेळ त्या फुगलेल्या कडांवरून बोट फिरवत राहिला. आरआर आणि बॅटरी या दोन्हींची किंमत आम्ही त्याच्यासमोर दुकानात फोन लावून विचारली आणि तेवढी रक्कम त्याने कमी केली. नवा आरआर बसवताना कनेक्टरही बदलला. आता १४.२ दाखवते.